एक कोयता म्हणजे किती माणसं? कोशकारांना खुलं पत्र

मराठी शब्दकोश, परिभाषाकोश आणि शाळेतले शब्दसंग्रह तयार करणाऱ्या सर्व संपादक मंडळींस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मुद्रितशोधनाच्या कामाला लागून मला वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. एका साप्ताहिकात ऊसतोडीवरचा लेख छापायचा होता. लेखकाने लिहिलं होतं, 'या टोळीत बारा कोयते आहेत.' मी शहरात वाढलेली. टोळी म्हटलं की डोळ्यांपुढे दरोडेखोर. आणि कोयते टोळी'त' कसे असतील, टोळी'कडे' असतील, असा सरळ विचार करून मी विभक्ती 'सुधारली' आणि पान पुढे सोडलं. अंक निघाल्यावर आठवड्याभरात एक पोस्टकार्ड आलं. निळी शाई, मोठं अक्षर. पाठवणारा स्वतः मुकादम, म्हणजे तोडीची टोळी जमवणारा, होता. बिचाऱ्याने एकही वावगा शब्द लिहिला नव्हता, नुसता हिशेब मांडला होता: बारा कोयते म्हणजे बारा जोड्या, म्हणजे चोवीस माणसं. हत्यारं किती ते बाईंनी येऊन मोजावं.

मी गेले नाही, पण कोश उघडला. 'कोयता' या शब्दापुढे हत्याराचं वर्णन होतं, माणसं नव्हती. 'टोळी'पुढे समूह, जमाव. 'समूह' काढला तर समुदाय, जमाव. 'समुदाय' काढला तर पुन्हा समूह. गिरणीच्या पट्ट्यासारखा गोल फिरून मी होते तिथे आले. आज इतक्या वर्षांनीही माझ्या टेबलावरच्या बहुतेक कोशांत हा पट्टा तसाच फिरतो आहे, म्हणून हे पत्र.

एकत्र काम करणाऱ्या किंवा एका नादाने जमणाऱ्या माणसांसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात एक करार आहे. कोण 'एक' मोजला जातो, पुढारी कोण, पैसा कुणाच्या हातून येतो, आत कसं शिरायचं आणि बाहेर कसं पडायचं, हे सगळं तो शब्द वापरणाऱ्याला ठाऊक असतं. कोशात मात्र करार गळून पडतो आणि उरतो तो घोळका.

टोळीचंच बघा. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात राहतात. कारखान्याचा किंवा वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी, आणि मुकादमाचा कोयत्याशी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. जोडीला हंगामाआधी 'उचल' मिळते, ती तोडीतून फिटायची असते, आणि फिटली नाही तर बाकी अंगावर घेऊन पुढच्या हंगामाला यावं लागतं. काम बुडालं की 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणारी टोळी 'डोकी सेंटर'ची, बैलगाडी असलेली 'गाडी सेंटर'ची. हे सगळं त्या दोन अक्षरांमागे उभं आहे. बाजार समित्यांच्या आवारात माथाडीही टोळीनेच काम करतात. त्यांच्यासाठी या राज्याने १९६९मध्ये स्वतंत्र कायदा केला. पण वर्तमानपत्र वाचून मराठी शिकणाऱ्या मुलाला टोळी फक्त जेरबंद होताना दिसते.

आता 'अर्धा कोयता' या शब्दाकडे जरा थांबून बघा, अशी माझी विनंती आहे. दोन माणसं मिळून एक. हिशेब जोडीचा, आणि पैसा सहसा पुरुषाच्या हातात पडतो. बाई दिवसभर मोळ्या बांधते, वाहते, पहाटे उठून भाकरी तिनेच थापलेल्या असतात, आणि हिशेबाच्या वहीत ती कुणाच्या तरी कोयत्याचा दुसरा अर्धा भाग असते. विधवा बाई तोडीला आली तर ती अर्धा कोयता. कोशात हा अर्थ नोंदवला तर ऊसतोडीच्या प्रश्नावरचा अर्धा निबंध त्या एका नोंदीत येईल. तो अर्थ गाळला, की वाचक माझ्यासारखी विभक्ती सुधारत बसतो.

टोळी ज्यात उतरते तो उसाचा 'फड'. हा शब्द तर मला कोशकारांची परीक्षा घ्यायलाच जन्माला आल्यासारखा वाटतो. उभं पीक म्हणजे फड. कुस्त्यांचा फड. तमाशाचा फड. वारकऱ्यांचे फड, ज्यांना परंपरा आहे आणि फडप्रमुख आहे. पेशवाईतल्या कचेरीचा फड. आणि धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून पाणी वाटून घेण्याची काही शतकांची जुनी रीत, तीही 'फड पद्धत'. तिथे बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत विभागलेली असते, एका फडातल्या सगळ्यांनी त्या हंगामात एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणाच्या बांधावर किती वेळ राहील ते पाटकरी बघणार. शेतकऱ्याची जमीन स्वतःची, पण पिकाचा निर्णय फडाचा. म्हणजे हा फड निव्वळ जमिनीचा तुकडा उरत नाही, तो त्या जमिनीवरच्या माणसांनाही आपल्यात ओढतो.

तमाशाच्या फडात तर गंमत अशी की तिथेही 'उचल' आहे. कलावंत फडमालकाकडून हंगामाआधी पैसे घेतो आणि हंगामभर त्या फडाशी बांधला जातो. नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात, आणि कोण कुठल्या फडात गेला याची चर्चा रंगते. ऊस तोडणारा आणि ढोलकी वाजवणारा, दोघांना बांधणारा दोर एकाच नावाचा. हे मला कोशाने सांगायला हवं होतं. दोन वेगवेगळी हस्तलिखितं एकाच आठवड्यात तपासायला आली, म्हणून योगायोगाने कळलं.

एक निरीक्षण या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवते, पटलं तर घ्या. मराठी माणूस पुष्कळदा जमावाला जागेचं नाव देतो. फड ही जागा, आणि माणसंही. आखाडा तसाच. पेढी म्हणजे दुकानातली बैठक, आणि तिच्यावर बसणारं अख्खं घर. अड्डा, कट्टा, पार. संगीतातलं घराणं तर घराच्या नावाने चालतं, पण रक्ताचं नातं नसलेला शिष्यही रियाज करून त्या घरचा होतो. तालमीचं काय सांगावं! शिकवण, व्यायामाची इमारत, नाटकाची पूर्वतयारी हे सगळे अर्थ पोटात घेऊन कोल्हापुरात ती पेठेतल्या पोरांची संघटना होते, आणि पाटाकडील तालीम मंडळ मैदानात उतरतं ते फुटबॉल खेळायला. परगावचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, पैलवान फुटबॉल खेळतायत.

उलटा प्रवासही झालेला आहे. 'श्रेणी' हा शब्द आज आपण कशाला वापरतो? परीक्षेत अ श्रेणी, चित्रकलेच्या ग्रेडला श्रेणी, कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी. हा एकेकाळी एका व्यवसायाच्या लोकांच्या संघटनेचा शब्द होता, आणि त्याचा पुरावा बघायला फार लांब जायला नको. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, भिक्षूंसाठी कायमची ठेवली. ठेवली कुठे? गोवर्धनमधल्या श्रेणींकडे. २,००० एका विणकर निकायाकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, महिना शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या विणकर निकायाकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून बघा: २,०००वर वर्षाचं व्याज २४० होतं, आणि वीस गुणिले बारा २४०च होतात. तंतोतंत. विणकरांची ही मंडळी कापड तर विणत होतीच, पण राजघराण्यातला माणूस त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवावी इतकी त्यांची पत होती. त्याच डोंगरातल्या, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या एका लेखात ओदयंत्रिकांची आणि तिलपिषकांची, म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची आणि तेल गाळणाऱ्यांची, श्रेणी भेटते. लेख दगडावर राहिला, शब्द मात्र गुणपत्रिकेत जाऊन बसला. शब्दाने अर्थ बदलला याबद्दल माझी तक्रार नाही, शब्दांचं चालतंच असं. पण दहावीच्या मुलाने 'श्रेणी' शब्द कोशात काढला तर त्याला हा विणकर भेटायला नको का?

'चमू'ची तर थट्टाच झाली आहे. क्रीडावार्ताहरांचा हा आवडता शब्द, अकरा-पंधरा खेळाडूंना सर्रास लावतात. महाभारताच्या आदिपर्वात सैन्याचं कोष्टक आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ ही 'पत्ती'. तिथून तिप्पट-तिप्पट करत सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना आणि मग चमू. त्या हिशेबाने एका चमूत ७२९ रथ, ७२९ हत्ती, २,१८७ घोडे आणि ३,६४५ पायदळ असायला हवं. आमच्या एका क्रीडा संपादकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग राखीव खेळाडूंचा प्रश्नच मिटला.

बाकी लष्करी शब्दांनी तसंच घर बदललं आहे. शिंद्यांच्या कवायती फौजेचे 'कंपू' होते, आज कंपू म्हणजे कार्यालयात डबा एकत्र खाऊन दुसऱ्यांची उणीदुणी काढणारे चौघे. सरदारांचं 'पथक' ढोल-ताशाला गेलं. 'पलटण' लहान पोरांना मिळाली. नाचगाण्याचा 'ताफा' मंत्र्यांच्या गाड्यांना, यावर मी काही बोलत नाही.

यातले कित्येक शब्द बाहेरून आलेले आहेत, आणि म्हणूनच 'टीम' आणि 'ग्रुप' या शब्दांशी माझं भांडण नाही. तालीम बाहेरून आली, पलटण बाहेरून आली, घरच्या झाल्या. भांडण आहे ते 'समुदाय'शी. हल्ली कुठल्याही भाषांतरात एका व्यवसायाचे किंवा एका आवडीचे लोक आले की हा शब्द ठेवलेला असतो: 'छायाचित्रकारांचा समुदाय', 'विकसकांचा समुदाय'. कानाला विचारा. मराठीत समुदाय म्हटलं की आधी जनसमुदाय आठवतो, सभेला लोटलेला, कर्णा बंद झाला की पांगणारा. ज्यांची एकमेकांना ओळख आहे, ज्यांना एकमेकांची भाषा कळते, अशा लोकांना तो शब्द आपला वाटत नाही. छायाचित्रकार स्वतःबद्दल काय म्हणतो? 'आमच्या लायनीतले लोक.' गवंडी तेच म्हणतो, वकील तेच म्हणतो, औषधं विकणारा तेच म्हणतो. 'तो आपल्या लायनीतला नाही' या वाक्यात जेवढं सामावलंय तेवढं 'समव्यावसायिक' या शब्दात सात जन्मांत मावणार नाही, आणि हा शब्द मी तोंडाने उच्चारलेला कधी ऐकलेलाही नाही. तरी कोशात समव्यावसायिक सापडतो, आणि 'लाईन'पुढे रांग आणि रेघ.

आवडीने जमणाऱ्यांसाठी भाषेने काही कमी दिलंय असंही नाही. गाण्याला 'दर्दी' येतात. ते 'रसिकां'हून वेगळे, कारण रसिक टाळ्या वाजवतो आणि दर्दी चुकलेल्या जागी मान फिरवतो. ज्याला एखाद्या गोष्टीचा 'नाद' आहे तो 'नादिष्ट', आणि दोन नादिष्ट एकमेकांना गर्दीतही ओळखतात. 'चार टाळकी जमली' हे तर घटनेशिवाय, वर्गणीशिवाय, अध्यक्षाशिवाय चालणाऱ्या मंडळाचं नाव. टाळकं म्हणजे डोकं, पण 'चार डोकी' आणि 'चार टाळकी' यांतला फरक तुम्हाला मी काय सांगणार.

शेतीतले दोन शब्द मात्र घाईने नोंदवून घ्यायला हवेत, कारण ट्रॅक्टर आल्यावर त्यांचं काम कमी झालं. 'सावड' आणि 'इर्जिक'. दोन्हींचा अर्थ 'परस्पर सहकार्याने केलेलं शेतकाम' असा एकाच ओळीत दिलेला मी पाहिला आहे, आणि ती चूक आहे. सावडीत हिशेब असतो. आज तुम्ही दोघी माझ्या रानात खुरपायला आलात, तर परवा मी आणि माझी जाऊ तुमच्याकडे, तेवढेच दिवस. मजुरी नाही, पण दिवस फेडायचा. इर्जिकीत असं मोजमाप नाही. कुणाचं रान मागे पडलं, घरात आजारपण आलं, बैल नाही, की गावातले दहा-वीस नांगर एकाच दिवशी त्याच्या शेतात उतरतात, सूर्य कलेपर्यंत रान उलथून देतात, आणि शेतमालक सगळ्यांना जेवू घालतो. एक उसनवार, दुसरी मदत. सावडीत दिवस फेडला नाही तर बोल लागतो, इर्जिकीचा दिवस कुणी मागायला येत नाही. एका ओळीत दोन्ही कोंबले की हा फरक मेला.

इथे एक इशारा स्वतःलाच देते, कारण असल्या शब्दांवर लिहिताना आवाज हळवा व्हायला वेळ लागत नाही. 'बारा बलुतेदार' हा शब्दही कामाने बांधलेल्या माणसांचाच, आणि पाठ्यपुस्तकांतून तो फार प्रेमळपणे येतो: गाव कसं एकमेकांवर अवलंबून होतं वगैरे. त्या करारात आत शिरण्याचा एकच रस्ता होता, जन्म. बाहेर पडायचा रस्ता नव्हताच. सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा, आणि तो किती हे देणाऱ्याच्या मर्जीवर. श्रेणी आणि बलुतं यांना 'व्यावसायिक समूह' अशी एकच चिठ्ठी लावणं हा माझ्या मते साधा आळस नाही. त्याने जात झाकली जाते. 'कोयता' शब्दाची नोंद करा म्हणते ती कौतुकासाठी नाही, हेही त्यातच आलं.

उलट, माणसं स्वतःचं नाव स्वतः ठेवतात तेव्हा काय होतं याचं एक उदाहरण पुण्यात आहे. १९९३मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. कचरा हा शब्द नावात नाहीच. जे वेचतो, ज्याला भंगाराच्या दुकानात भाव आहे, तेच नावात. पुढे 'कष्टकरी', आणि शेवटी 'पंचायत', म्हणजे बसून निवाडा करण्याचा अधिकार. नावं ठेवणाऱ्या कुठल्याही समितीला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही. समितीने 'पुनर्चक्रीकरण कामगार समूह' असं काहीतरी केलं असतं आणि ते फलकावर मावलंही नसतं.

मोल्सवर्थने १८३१मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७मध्ये तो वाढवून पुन्हा काढला, तेव्हा त्याच्यापाशी ना ध्वनिमुद्रण होतं ना संगणक. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले, आणि त्यांत कोकण, वऱ्हाड, खानदेश, गोवा अशा खुणा टाकून शब्द कुठला ते सांगितलं. तुमच्याकडे मनुष्यबळ कमी आहे, मानधन वेळेवर मिळत नाही, हे मी जाणते. माझंही मिळत नाही. पण प्रांताची खूण टाकायची पद्धत होतीच, तिच्या शेजारी कराराची एक ओळ टाकायला मोठा निधी लागणार नाही. मुकादमाला, फडमालकाला, पाटकऱ्याला विचारावं लागेल, एवढंच. आणि विचारायला जाताना कृपया 'आपण कोणत्या समुदायाचे' असं विचारू नका. त्याचं उत्तर जातीत मिळेल.

नमुना म्हणून एक नोंद करून पाठवते:

कोयता. १ ऊस, लाकूड इ. तोडण्याचं वाकड्या पात्याचं हत्यार. २ (ऊसतोड) तोडीला आलेली नवरा-बायकोची जोडी. उचल आणि मजुरी यांच्या हिशेबाचं एकक. 'टोळीत बारा कोयते आहेत.' अर्धा कोयता – जोडीशिवाय आलेली एकटी व्यक्ती.

दुसऱ्या अर्थाशी मी थोडी अडले आहे. बाप-लेक किंवा दोघे भाऊ मिळून आले तर त्यांनाही पूर्ण कोयता धरतात का, की तो हिशेब टोळीगणिक बदलतो, हे नोंद छापण्याआधी विचारून घ्या. त्या पोस्टकार्डावर पत्ता आहे, पण शिक्का पुसट झालाय आणि गावाचं नाव मला नीट लागत नाही.

कळावे,
आपली,
एक मुद्रितशोधक